मिठीच्या गाळाचे वजन कळते, गाळात काय आहे ते कळत नाही : मुंबईच्या पालिका आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका
मा. सदस्य सचिव, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ

सविनय नमस्कार.

दरवर्षी उन्हाळा लागला की मिठी नदीतून आणि शहरातील लहानमोठ्या नाल्यांतून गाळ उपसण्याचे काम सुरू होते. पोकलेन नदीत उतरतात, डंपर भरले जातात, काट्यावर वजन होते, आणि किती मेट्रिक टन गाळ निघाला, उद्दिष्टाच्या किती टक्के काम झाले याचे आकडे वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध होतात. या आकड्यांमध्ये एक रकाना कधीच नसतो. त्या गाळात शिसे किती आहे, जस्त, कॅडमियम आणि क्रोमियम किती आहे, खनिज तेलाचा अंश किती आहे, हे सांगणारा तो रकाना. गाळ उपसण्याआधी त्याची रासायनिक तपासणी व्हावी, तिचा निकाल ठिकाणानिशी जाहीर व्हावा आणि गाळ कुठे टाकायचा हे त्या निकालावरून ठरावे, एवढ्याच मागणीसाठी हे पत्र लिहीत आहे.

गाळाकडे आपण केवळ वजन म्हणून का पाहू लागलो, हे समजण्यासारखे आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठीच्या काठावरील वस्त्यांनी जे भोगले ते या शहराला विसरता येणार नाही. त्यानंतर नदीसाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले, पात्र रुंद आणि खोल करण्याचे काम हाती घेण्यात आले, आणि पाणी वाहून जाण्यास अडथळा ठरणारी वस्तू एवढीच गाळाची ओळख प्रशासनाच्या कागदपत्रांत उरली. त्या वेळी प्रश्न जिवाचा होता, त्यामुळे ते योग्यही होते. परंतु आता वीस वर्षे उलटून गेली आहेत. २०२५ मध्ये गाळ उपशाच्या देयकांबाबत मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा नोंदवला, तेव्हाही सार्वजनिक चर्चा गाळ खरोखर किती निघाला आणि पैसे किती दिले गेले यापलीकडे गेली नाही. जो गाळ खरोखर निघाला, त्यात काय होते, असे कोणी विचारले नाही.

विहार आणि पवई या तलावांच्या सांडव्यातून निघून ही नदी सुमारे १८ किलोमीटर वाहते आणि माहीमच्या खाडीत जाते. एवढ्या थोड्या अंतरात ती ज्या गोष्टी पोटात घेते, त्यांची विविधता मोठ्या नद्यांच्याही वाट्याला क्वचितच येत असेल. साकीनाका, जरीमरी आणि कुर्ला या पट्ट्यात तेलाची आणि रसायनांची पिंपे धुणारे, धातूंवर मुलामा चढवणारे, भंगार वेगळे करणारे लहान व्यवसाय वर्षानुवर्षे चालत आले आहेत. मुलामा देण्याच्या कामातून क्रोमियम, निकेल आणि जस्त निघते. जुन्या बॅटऱ्या फोडल्या की शिसे निघते. पिंपे धुतली की तेल आणि त्यात विरघळलेली द्रव्ये निघतात. पुढे वाकोला नाला मिळतो आणि त्यानंतर धारावी येते. तिथे चामडे कमावण्याचा धंदा फार जुना होता, आणि त्यात क्रोमियमचे क्षार वापरले जातात. ते काम आता बरेचसे शहराबाहेर गेले असले, तरी क्रोमियम कुजत नाही आणि नष्टही होत नाही. जिथे बसले तिथेच ते राहते, किंवा पुराच्या लोंढ्याबरोबर पुढे सरकते.

तरीही सगळा दोष कारखान्यांवर टाकून मोकळे होता येणार नाही. शहराच्या साध्या दैनंदिन व्यवहारातूनही माती दूषित होत असते आणि हा भाग लोकांच्या फारसा लक्षात येत नाही. टायरच्या रबरात जस्ताचे संयुग मिसळलेले असते. टायर झिजला की ते रस्त्यावर पडते. ब्रेकच्या पट्ट्यांतून तांबे आणि अँटिमनी झडते. आपल्या वस्त्यांवरील गॅल्वनाइज्ड, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या, पत्र्यांवरून पावसाचे पाणी ओघळते, तेव्हा जस्त घेऊन उतरते. डिझेल, कचरा आणि लाकूड अर्धवट जळले की तयार होणारी बहुवलयी हायड्रोकार्बन संयुगे काजळीला चिकटून खाली बसतात आणि त्यांतील काही कर्करोगास कारणीभूत ठरतात. भारतात शिसेविरहित पेट्रोल १९९५ मध्ये महानगरांत आले आणि २००० मध्ये शिसेयुक्त पेट्रोलची विक्री देशभर थांबली. पण त्यापूर्वी कित्येक दशके मुंबईच्या रस्त्यांवर धुरावाटे जे शिसे बाहेर पडले, ते रस्त्याकडेच्या मातीत मुरलेले आहे. जुन्या इमारतींच्या रंगातही शिसे आहे. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे, असा नियम आपल्याकडे २०१६ मध्ये झाला. त्याआधी रंगवलेल्या भिंती, खिडक्या आणि दारे खरवडली जातात, तेव्हा त्यांचा चुरा अंगणात, तिथून गटारात आणि गटारातून नदीत जातो.

जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसात आठ महिन्यांची ही साचलेली धूळ एकदम नाल्यांत उतरते. त्यानंतरच्या पावसाचे पाणी तुलनेने स्वच्छ असते. त्यामुळे पाण्याचा नमुना कोणत्या दिवशी घेतला, यावर निष्कर्ष पूर्णपणे बदलू शकतो. गाळाचे तसे नसते. बहुतेक जड धातू पाण्यात फार काळ विरघळलेले राहत नाहीत. चिकणमातीचे बारीक कण, सेंद्रिय द्रव्य आणि लोह व मँगनीजची ऑक्साइडे त्यांना पकडून ठेवतात, आणि ते कण संथ पाण्यात तळाशी बसतात. गाळात वर्षानुवर्षांचा जमाखर्च शिल्लक असतो. प्रदूषण नियंत्रण मंडळ मिठीच्या पाण्याचे नमुने घेते, जैवरासायनिक प्राणवायू मागणी (पाण्यातील सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू), विरघळलेला प्राणवायू आणि विष्ठेतील जिवाणूंचे प्रमाण मोजते. हे आवश्यकच आहे, पण त्यातून प्रामुख्याने सांडपाण्याची अवस्था कळते. पालिका सध्या धारावी, वांद्रे, वरळी, वर्सोवा, मालाड, भांडुप आणि घाटकोपर येथे मोठी मलजल प्रक्रिया केंद्रे उभारत आहे. ती पूर्ण झाली आणि नदीत येणारे सांडपाणी उद्या संपूर्ण थांबले, तरी तळाशी बसलेले शिसे आणि कॅडमियम तिथेच असेल, आणि रस्त्यांवरून पावसाळी गटारांत उतरणारी धूळ या केंद्रांपर्यंत जाणारच नाही.

तपासणीबाबत एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करणे मला गरजेचे वाटते, कारण ती सुटली तर पुढचे सगळे आकडे वादात अडकतील. मुंबईचा बहुतेक खडक बेसाल्ट आहे आणि या खडकात काही धातू निसर्गतःच भरपूर असतात. भूरसायनशास्त्रात १९६१ पासून वापरल्या जाणाऱ्या सरासरीनुसार बेसाल्टमध्ये दर किलोग्रॅमला तांबे सुमारे ८७ मिलिग्रॅम, क्रोमियम १७० मिलिग्रॅम आणि निकेल १३० मिलिग्रॅम असते. दख्खनच्या बेसाल्टमध्ये तांबे याहूनही जास्त आढळते. कॅनडाने गोड्या पाण्यातील गाळासाठी ठरवलेली तांब्याची प्राथमिक मार्गदर्शक पातळी, म्हणजे जिच्याखाली जलचरांना अपाय क्वचितच होतो ती पातळी, मात्र किलोग्रॅमला ३५.७ मिलिग्रॅम आहे. ती पातळी जशीच्या तशी लावली, तर राष्ट्रीय उद्यानातील, जिथे एकही कारखाना नाही अशा ओढ्यातला गाळसुद्धा दूषित ठरेल. उलट बाजूने एखादा प्रदूषक असेही म्हणू शकेल की आमच्या नाल्यातील क्रोमियम तर खडकातूनच आले आहे. दोन्ही म्हणणी चुकीची असतील आणि दोन्ही टाळता येतील.

शिशाची गोष्ट मात्र वेगळी आहे. बेसाल्टमध्ये ते दर किलोग्रॅमला जेमतेम ६ मिलिग्रॅम असते. कॅनडाच्या मापात गाळातील शिशाची प्राथमिक पातळी ३५ आणि जलचरांवर दुष्परिणाम संभवनीय मानण्याची पातळी ९१.३ मिलिग्रॅम आहे. कुर्ल्याच्या एखाद्या नाल्यात १०० मिलिग्रॅम शिसे सापडले, तर ते खडकातून आले असे कोणालाही म्हणता येणार नाही. म्हणूनच विहार तलावाच्या वरच्या, जंगलातील ओढ्यांचा गाळ हा या नदीचा स्वतःचा मूळ आधार मानावा आणि खालच्या प्रत्येक ठिकाणची तुलना त्याच्याशी करावी. खडक तोच, पाऊस तोच. जे वाढले ते शहराने घातलेले. नमुन्यांतून ०.०६३ मिलिमीटरपेक्षा बारीक कण वेगळे काढून तपासावेत आणि धातूंचे प्रमाण ॲल्युमिनियमच्या प्रमाणाशी ताडून पाहावे, म्हणजे एका ठिकाणी वाळू जास्त आणि दुसऱ्या ठिकाणी चिखल जास्त असल्यामुळे येणारा खोटा फरक निघून जाईल. या पद्धती जगभर रूढ आहेत आणि आपल्याकडील भूरसायनशास्त्रज्ञांना त्या नव्याने शिकाव्या लागणार नाहीत.

आता गाळ उपसल्यावर काय होते ते पाहू. मिठीच्या तळाचा गाळ काळाकुट्ट असतो आणि त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्राणवायू नसलेल्या चिखलात जिवाणू सल्फेटचे सल्फाइडमध्ये रूपांतर करतात. लोहाच्या सल्फाइडमुळे गाळाला काळा रंग येतो आणि हायड्रोजन सल्फाइडमुळे वास. हीच सल्फाइडे कॅडमियम, शिसे, जस्त आणि तांबे यांना घट्ट बांधून ठेवतात. जोपर्यंत चिखल पाण्याखाली आहे, तोपर्यंत या धातूंपैकी बराचसा भाग निष्क्रिय असतो. तो गाळ बाहेर काढून उन्हात पसरला की हवेतील प्राणवायूने सल्फाइडे मोडतात, आम्ल तयार होते आणि बांधलेल्या धातूंचा काही भाग सुटतो. सगळाच सुटतो असे नाही. चुना असलेला गाळ आम्ल शोषून घेतो, आणि म्हणूनच प्रत्येक ठिकाणची तपासणी वेगळी हवी. परंतु वजन कमी व्हावे म्हणून गाळ नाल्याच्या काठावर, घरांच्या भिंतींना लागून सुकायला ठेवण्याची आपली पद्धत रसायनशास्त्राच्या दृष्टीने सर्वांत नाजूक टप्प्यावरच गाळ लोकांच्या दारात ठेवते. त्याच दिवसांत मुलांना सुट्ट्या असतात. सुकलेल्या गाळाची धूळ उडते, अवकाळी सर पडली तर त्यातून झिरपलेले पाणी पुन्हा नाल्यात किंवा गल्लीत येते. लहान नाल्यांत यंत्र पोहोचत नाही, तिथे माणसे उतरतात, आणि अनेकदा त्यांच्या हातांत मोजेही नसतात. त्यांचा विचार या पत्रातील सगळ्यात आधीची निकड म्हणून करावा.

त्यानंतर गाळ शहराबाहेर जातो. जागा शोधण्याची जबाबदारी ठेकेदारावर असते आणि बहुधा ती ठाणे किंवा पालघर जिल्ह्यातील खाजगी जमीन असते. तिथल्या शेतकऱ्याला किंवा ग्रामपंचायतीला, आपल्या जमिनीवर पडणाऱ्या भरावात काय आहे, हे सांगणारा एकही कागद त्या डंपरबरोबर येत नाही. भराव म्हणून फुकट मिळालेली माती पुढे भातखाचराच्या बांधाला, विहिरीच्या काठाला किंवा घराच्या जोत्याला लागू शकते. मुंबईने आपल्या पुराचा धोका कमी करताना दुसऱ्या तालुक्यातील जमिनीत धोका नेऊन ठेवावा, हे न्यायाला धरून नाही. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत कोणते घटक किती प्रमाणापुढे असले तर कचरा घातक ठरतो, याच्या मर्यादा दिलेल्या आहेत. दूषित स्थळांच्या व्यवस्थापनासाठी केंद्र सरकारने २०२५ मध्ये स्वतंत्र नियम केले आहेत. म्हणजे कायद्याचा आधार पूर्णपणे नाही असे नाही. मोजमाप नसल्यामुळे कायदा लागू होण्याची वेळच येत नाही.

नेदरलँड्समधील रॉटरडॅम बंदराचा अनुभव या बाबतीत उपयोगी पडेल. ऱ्हाइन नदीने आणलेला गाळ त्या बंदरातून सतत उपसावा लागतो. तो दूषित असल्याचे दिसून आल्यावर तिथल्या प्रशासनाने गाळाची प्रतवारी सुरू केली, जास्त दूषित गाळ साठवण्यासाठी १९८७ मध्ये समुद्रकाठी स्लुफ्टर नावाची मोठी बंदिस्त जागा तयार केली आणि स्वच्छ गाळ वेगळा हाताळला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे गाळातील प्रदूषण वरच्या अंगाला कुठून येते, याचा माग काढून त्या त्या उद्योगांशी बोलणी केली. उपसण्याचा खर्च दरवर्षी करतच राहायचा की स्रोत बंद करायचा, हा निर्णय त्यांना आकड्यांमुळे घेता आला. आपली नदी लहान आहे, नाले मोजके आहेत, त्यामुळे प्रत्येक नाल्याच्या मुखाशी गाळाचा नमुना घेतला तर कोणत्या नाल्यातून काय येते, हे एका मोसमात बऱ्यापैकी कळू शकेल.

मला भीती एका गोष्टीची वाटते. असे आकडे हाती आले की पहिली कारवाई पिंप धुणाऱ्यांवर आणि मुलामा देणाऱ्या छोट्या गाळ्यांवर होईल, चार दिवस टाळे लागेल आणि तो व्यवसाय दुसऱ्या नाल्याच्या काठी जाऊन पुन्हा सुरू होईल. या कामांवर हजारो कुटुंबांचे पोट आहे, आणि ती पिंपे ज्या मोठ्या कंपन्यांकडून येतात त्यांची जबाबदारी काय, हे कोणीच विचारत नाही. त्यांच्यासाठी सामाईक प्रक्रिया केंद्राची सोय आणि पिंपांच्या मूळ मालकावर उत्तरदायित्व, या दोन्ही गोष्टी कारवाईच्या आधी असाव्यात.

नदीच्या खालच्या टोकाला माहीमची खाडी आहे. गोड्या पाण्यातून आलेले चिकणमातीचे बारीक कण खाऱ्या पाण्याला भेटले की एकमेकांना चिकटून जड होतात आणि खाली बसतात. तिवरांची मुळे त्यांना आणखी अडवून धरतात. त्यामुळे वरून आलेल्या धातूंचा मोठा वाटा खाडीतच मुक्काम करतो. माहीमच्या कोळीवाड्यातील लोक या खाडीवर जगत आले. चिंबोऱ्या आणि निवट्या चिखलात राहतात, चिखलातलेच खातात, आणि कालवे तर पाणी गाळून धातू अंगात साठवतात. खाडीतील मासळी कमी झाली हे कोळी बांधव कितीतरी वर्षे सांगत आहेत. जी उरली आहे ती खाण्यास कितपत सुरक्षित आहे, हे सांगणे आपले कर्तव्य आहे, आणि ते सांगताना त्यांच्या उरल्यासुरल्या धंद्यावर केवळ संशयाने घाला पडू नये म्हणून तपासणी नेमकी आणि नियमित असली पाहिजे.

गाळाबरोबर काठावरच्या मातीचीही तपासणी व्हावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मुलांच्या रक्तातील शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित म्हणून ज्ञात नाही. त्याचा परिणाम वाढत्या मेंदूवर होतो, आणि जमिनीवर खेळून तोंडात हात घालणाऱ्या दोन-तीन वर्षांच्या मुलांना तो धोका सर्वांत जास्त असतो. पूर येऊन ओसरला की नदीचा गाळ अंगणवाडीच्या आवारात, शाळेच्या मैदानात, घराच्या उंबऱ्यापर्यंत येऊन बसतो. रेल्वेमार्गालगत आणि नाल्यांच्या काठी पालक, माठ आणि अळू पिकवला जातो. कॅडमियम पालेभाज्यांच्या पानांत सहज चढते. ही ठिकाणे नकाशावर आहेत, त्यांची संख्या मर्यादित आहे. जिथे प्रमाण जास्त निघेल तिथे वरचा थर काढून स्वच्छ मातीचा जाड थर देणे, गवत लावणे, फरसबंदी करणे हे उपाय महागडे नाहीत. याच मिठीच्या काठी जुन्या कचराभूमीवर महाराष्ट्र निसर्ग उद्यान उभे राहिले, तेव्हा बिघडलेल्या जमिनीवर काय करता येते हे या शहराला ठाऊक आहे.

आमचे म्हणणे पुढील निविदा निघण्यापूर्वी विचारात घ्यावे, कारण एकदा ठेक्याच्या अटी ठरल्या की संपूर्ण मोसम हातचा जातो. गाळ उपसण्याच्या निविदेतच नमुने घेण्याची अट घालावी. मात्र नमुने ठेकेदाराने घेऊ नयेत आणि तपासणीचा खर्च त्याच्या देयकातून नसावा. हे काम स्वतंत्र संस्थेकडे द्यावे. नदीच्या उगमाशी पवईला आयआयटी आहे, मार्गावर कालिना येथे मुंबई विद्यापीठ आहे, राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था आणि राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था या दोहोंची केंद्रे शहरात आहेत. गाळ काढण्यावर होणाऱ्या खर्चाच्या तुलनेत काही शे नमुन्यांची तपासणी हा फार लहान खर्च आहे. प्रत्येक नमुन्याचे ठिकाण, दिनांक, खोली आणि सर्व घटकांचे आकडे पालिकेच्या संकेतस्थळावर मराठीत प्रसिद्ध करावेत, आणि मर्यादेबाहेरचा गाळ कोणत्या वाहनातून कोणत्या जागी गेला हेही त्याच नोंदीत असावे. गाळ स्वीकारणाऱ्या ग्रामपंचायतीला तपासणीचा अहवाल आधी मिळावा आणि तो नाकारण्याचा अधिकार तिला असावा. गाळ काठावर सुकवणे यंदापासून बंद करावे. ते अगदीच शक्य नसेल तिथे खाली ताडपत्री, वर आच्छादन आणि झिरपणाऱ्या पाण्यासाठी खड्डा, एवढे तरी असावे. नाल्यात उतरणाऱ्या कामगारांना बूट, हातमोजे आणि वर्षातून एकदा रक्तातील शिशाची तपासणी मिळावी.

गाळासाठी भारतीय मानके ठरेपर्यंत प्रदूषण नियंत्रण मंडळाने विहारच्या ओढ्यांतील प्रमाणावर आधारित तात्पुरती पातळी निश्चित करावी, म्हणजे मानक नाही या कारणाने काम थांबणार नाही. पहिल्या टप्प्यात विहारपासून माहीमपर्यंत मुख्य पात्र आणि वाकोला नाला एवढेच घेतले तरी पुरेसे आहे. त्यासाठी लागणारे नमुने मार्च महिन्यात, उपसा सुरू होण्याआधी घेता येतील, आणि आपण बैठक बोलावल्यास काठावरील रहिवासी नमुन्यांची ठिकाणे ठरवण्यासाठी आपल्या अभियंत्यांबरोबर फिरण्यास तयार आहेत.

आपला विश्वासू,
कुर्ला येथील एक रहिवासी आणि रसायनशास्त्राचा निवृत्त शिक्षक